लायसन्स, व्हिसा आणि फ्लोरिडातला तो यू-टर्न

वाचकाचं पत्र : आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमॉंटला राहतो. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी जोडीदाराच्या एच-४ वर. फ्लोरिडात ट्रकच्या यू-टर्नमुळे तिघे गेले आणि ड्रायव्हर सीमा ओलांडून आलेला भारतीय निघाला, तेव्हापासून आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज जुंपलेली असते. अर्धे म्हणतात, "या इल्लीगल लोकांमुळे आपण बदनाम, सगळ्यांना हाकला." उरलेले म्हणतात, "आज ते, उद्या आपण." मला दोन्ही अर्धवट वाटतं, पण उत्तर देता येत नाही. त्यात नवऱ्याचं लायसन्स येत्या महिन्यात संपतंय आणि व्हिसाच्या मुदतवाढीची अजून नुसती पावतीच हातात आहे. सासू-सासरे सांगलीहून सहा महिन्यांसाठी येताहेत, सासऱ्यांना इथे गाडी चालवायची हौस. समजा आपल्याच हातून काही झालं तर? किंवा अशाच कुणी आपल्याला ठोकलं तर? सुक्याबरोबर ओलंही जळेल, ही भीती जात नाही.

उत्तर : ताई, आधी लायसन्सचं बघा, ग्रुप थांबू शकतो.

मुदतवाढीचा अर्ज वेळेत गेला असेल, तर त्याच कंपनीत २४० दिवसांपर्यंत काम करत राहायची मुभा मिळते. सगळे एवढंच लक्षात ठेवतात आणि गाडीही चालेल असं धरून चालतात. तसं नसतं. हे २४० दिवस नोकरीपुरते आहेत. व्हिसावरच्या माणसाचं लायसन्स त्याच्या आय-९४ च्या, म्हणजे देशात कधीपर्यंत राहता येतं त्या सरकारी नोंदीच्या, तारखेला बांधलेलं असतं, ती तारीख उलटली की तुमचं कार्डही संपतं. एच-४ ची तारीख बहुधा तीच असते. म्हणजे नवऱ्याचं संपेल त्याच दिवशी तुमचंही संपण्याची शक्यता मोठी आहे. आत्ता पर्समधून कार्ड काढून बघा.

पावती, पासपोर्ट, आय-९४ ची प्रत आणि जुनं लायसन्स घेऊन दोघंही डीएमव्हीत, म्हणजे लायसन्स देणाऱ्या राज्याच्या खात्यात जा. तिथला माणूस 'सेव्ह' नावाच्या केंद्रीय यंत्रणेत तुमचा दर्जा तपासतो. कधी दोन मिनिटांत हिरवा दिवा लागतो, कधी प्रकरण पुढच्या तपासणीला जातं आणि आठवडे लागतात. तसं झालं तर खिडकीवरून हलण्याआधी पडताळणीचा केस क्रमांक मागून घ्या. त्या क्रमांकावर 'सेव्ह केसचेक'वर प्रकरण कुठे अडलंय ते घरबसल्या दिसतं. तात्पुरतं कागदी लायसन्स मिळेल का, तेही तिथेच विचारा. नाही म्हणाले तर गाडी दारात उभी राहू द्या. कंपनीला सांगून नवऱ्याचा अर्ज जादा शुल्क भरून जलद निकालाच्या 'प्रीमियम' रांगेत टाकता येतो, मग कामकाजाच्या १५ दिवसांत हालचाल होते. मात्र तुमचा एच-४ चा अर्ज त्याच वेगाने पळेल असं धरू नका. पुढच्या खेपेला मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. कंपनीचे वकील शेवटच्या महिन्यापर्यंत बसून राहतात, त्यांच्यामागे तुम्हीच लागायचं.

आय-९४ मध्ये आपली माणसं दोन ठिकाणी फसतात. एक विमानतळावर. पासपोर्टची मुदत व्हिसाआधी संपत असेल तर अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो. मंजुरीच्या कागदावर २०२८ दिसत असतं आणि प्रत्यक्षातली मुदत वर्षभरात संपते. माणूस नकळत 'मुदत उलटून राहिलेला' होतो. म्हणून भारतातून परतलात की त्याच आठवड्यात सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून आय-९४ उतरवून घ्या आणि तारीख वाचा. दुसरी गोची मुदतवाढीनंतरची. नवं आय-९४ मंजुरीच्या आय-७९७ए कागदाच्या तळाशी छापलेलं येतं, संकेतस्थळावर मात्र जुनंच दिसत राहतं. पुन्हा देशाबाहेर जाऊन येईपर्यंत कागदावरचंच खरं. तो तळाचा भाग जपून ठेवा. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा, म्हणजे तुमच्या बाबतीत आय-९४, जवळ बाळगायचा असा जुना कायदा आहे. अनेक वर्षं तो कुणी मनावर घेतला नव्हता, आता घेतात. घर बदललं तर १० दिवसांत पत्ताबदलाचा एआर-११ फॉर्म भरायचा, हेही त्यातलंच.

आता ती घटना, कारण ग्रुपवर जे फिरतं त्यात निम्मं गाळलेलं असतं. १२ ऑगस्ट २०२५, फ्लोरिडा टर्नपाइक, फोर्ट पियर्सजवळ. महामार्गाच्या मधोमध फक्त अधिकृत वाहनांसाठी सोडलेली फट असते. ट्रकने तिथून यू-टर्न घेतला. ट्रेलर सगळ्या लेन अडवून आडवा झाला आणि मागून आलेली मिनीव्हॅन त्याखाली शिरली. व्हॅनमधले तिघेही गेले. ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी कॅलिफोर्नियाला निघून गेला, तिथे पकडला गेला आणि त्याच्यावर वाहनाने मनुष्यवधाचे तीन आरोप लागले. केंद्रीय परिवहन खात्याच्या म्हणण्याप्रमाणे नंतरच्या चाचणीत त्याने इंग्रजीच्या १२ तोंडी प्रश्नांपैकी २ चीच उत्तरं बरोबर दिली आणि रस्त्यावरच्या ४ पाट्यांपैकी १ ओळखली. तो २०१८ मध्ये मेक्सिकोकडून बेकायदा आला, हेही खरं. आणि त्याच्याकडे काम करण्याचा केंद्र सरकारचा परवाना होता, वॉशिंग्टन राज्याचं आणि मग कॅलिफोर्नियाचं अवजड वाहनाचं लायसन्स होतं, हेही खरं. परवाना नेमका कुणाच्या कारकिर्दीत मिळाला यावरून दोन्ही पक्षांनी एकमेकांवर ढकलाढकली केली.

म्हणजे नुसतं 'इल्लीगल होता म्हणून' म्हटलं की चार वेगळे प्रश्न एका पोत्यात जातात. देशात शिरला कसा, हा पहिला. राहण्या-कामाची मुभा होती का, हा दुसरा. आश्रयाचा अर्ज १५० दिवस प्रलंबित राहिला की कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, आणि त्यानंतर माणूस सोशल सिक्युरिटी नंबर घेऊन, कर भरून वर्षानुवर्षं निकालाची वाट बघत राहतो. त्याला काय म्हणायचं यावर अमेरिकेतच एकमत नाही. तिसरा प्रश्न, अवजड वाहनाचं लायसन्स कुणी, काय तपासून दिलं. आणि चौथा, त्या क्षणी स्टीअरिंग कुणी, का वळवलं. सीमेवर भिंत बांधल्याने पहिला प्रश्न सुटत असेलही. तिसरा सुटत नाही. चुकीच्या माणसाला लायसन्स देणारी खिडकी तशीच उघडी राहते.

कडक बाजूच्या लोकांचा एक मुद्दा मात्र झटकून टाकू नका. ८०,००० पौंडांची, म्हणजे ३६ टनांची गाडी हाकणाऱ्याला पाटी वाचता आली पाहिजे, पोलिसाशी बोलता आलं पाहिजे. हा नियम नव्याने काढलेला नाही, तो केंद्रीय नियमांत आधीपासून आहे. २०१६ मध्ये त्याची धार काढली गेली होती. २५ जून २०२५ पासून इंग्रजी न येणाऱ्या ड्रायव्हरला जागच्या जागी उतरवायला पुन्हा सुरुवात झाली. या ड्रायव्हरला जुलैमध्ये न्यू मेक्सिकोत वेगासाठी थांबवलं होतं, तेव्हा ही चाचणी झाली नाही. झाली असती तर? हा प्रश्न विचारणाऱ्याला वंशद्वेषी ठरवून गप्प करू नये.

पण उलट बाजूही नीट मांडा. केंद्र सरकारच्या प्राणघातक अपघातांच्या नोंदवहीत ड्रायव्हरचा इमिग्रेशन दर्जा हा रकानाच नाही. त्यामुळे 'हे लोक जास्त मारतात' किंवा 'कमी मारतात' अशी देशभराची टक्केवारी ग्रुपवर आली, तर ती कुठून आली एवढंच विचारा. एक गोष्ट मात्र तपासून झाली आहे. कॅलिफोर्नियाने २०१५ पासून कागद नसलेल्यांनाही साधं लायसन्स द्यायला सुरुवात केली, त्याला एबी-६० म्हणतात. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये दाखवलं की त्याने एकूण अपघात वाढले नाहीत, आणि ठोकून पळून जाण्याचे प्रकार ७ ते १० टक्क्यांनी घटले. गाडी जप्त होण्याची आणि हद्दपारीची भीती कमी झाली की माणूस थांबतो. हे लायसन्स ट्रकला चालत नाही, हेही ग्रुपवर सांगा, तिथे दोन्हींची सरमिसळ चाललेली दिसते. ट्रकवाल्यांचं ते 'नॉन-डोमिसाइल्ड', म्हणजे इथे कायमचं वास्तव्य नसलेल्या परदेशी माणसाला मिळणारं अवजड लायसन्स, आणि त्याला कामाचा वैध परवाना लागतोच. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने ते एच-२ए, एच-२बी (हंगामी कामगार) आणि ई-२ (गुंतवणूकदार) व्हिसांपुरतं आवळलं, नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्या नियमाला स्थगिती दिली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियाने सुमारे १७,००० ड्रायव्हरांना लायसन्स रद्द होणार म्हणून नोटिसा धाडल्या. या विषयावरचा कुठलाही फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी त्यावरची तारीख बघा, महिन्यात शिळा होतो.

आणखी एक गोष्ट, जी या सगळ्या गदारोळात कुणाच्या तोंडून फारशी ऐकू आली नाही. व्हॅन ट्रेलरखाली शिरली. अमेरिकेत ट्रेलरच्या मागच्या बाजूला लोखंडी आडवा दांडा सक्तीचा आहे, बाजूंना नाही. आडव्या ट्रेलरवर गाडी आदळली की बॉनेट खालून निघून जातं, एअरबॅग आणि पुढचा चुरगळणारा भाग यांना काम करायला वावच मिळत नाही, आणि सगळा मार काच व छतावर येतो. बाजूचे भक्कम अडसर सक्तीचे करा ही मागणी सरकारकडे वर्षानुवर्षं पडून आहे. ड्रायव्हर कुठल्याही देशाचा असो, ट्रेलरची खालची पोकळी तेवढीच असते.

आता तुमची खरी भीती : आपल्याच हातून झालं तर.

थांबायचं. गाडी बंद, धोक्याचे दिवे चालू, ९११. कुणाला लागलं असताना निघून जाणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि अपघात निव्वळ अपघात असला तरी पळून जाण्याने तो गुन्हा होतो. पोलिसांना लायसन्स, नोंदणी, विमा द्यायचा. खोटं काही बोलायचं नाही, त्यापलीकडचा जबाब वकिलाशी बोलून द्यायचा. आपल्याला एक खोड असते : गडबडीत 'सॉरी सॉरी, माझीच चूक' म्हणत सुटणं. कॅलिफोर्नियाच्या पुरावा कायद्यात यातली रेघ अगदी स्पष्ट आहे. 'तुम्हाला लागलं याचं फार वाईट वाटतंय' हे वाक्य भरपाईच्या दाव्यात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. 'माझी चूक झाली' हे येतं. माणुसकीने विचारपूस करा, निकाल स्वतः देऊ नका.

कुणी जखमी किंवा मृत झालं, किंवा नुकसान १,००० डॉलरच्या वर गेलं, तर १० दिवसांत डीएमव्हीला अपघात कळवणारा एसआर-१ फॉर्म. पोलिसांचा पंचनामा झाला म्हणून हा सुटत नाही, आणि बहुतेक जण विसरतात तो हाच. न भरल्यास लायसन्स निलंबित होऊ शकतं.

प्रकरण फौजदारी झालं तर एक वकील पुरत नाही. फौजदारी वकिलाला स्थानिक न्यायालयात सौदा लवकर संपवायचा असतो : "नो कॉन्टेस्ट (आरोप कबूलही नाही, नाकारतही नाही) म्हणा, दंड भरा, घरी जा." स्थानिकाला हा सल्ला बरा असेल. इमिग्रेशन कायद्यात 'नो कॉन्टेस्ट' अधिक कुठलीही शिक्षा म्हणजे दोषसिद्धीच. नंतर राज्याच्या न्यायालयातून नोंद पुसून घेतली तरी त्यांच्या लेखी ती पुसली जात नाही. पडिला विरुद्ध केंटकी या २०१० च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की हद्दपारीचे परिणाम अशिलाला समजावणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्यच आहे. तेव्हा सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाचं मत लेखी मागा. अटक झाली तर भारतीय वकिलातीला कळवा असं स्वतः म्हणावं लागतं. काही देशांच्या नागरिकांबाबत पोलिसांनी आपणहून कळवायचं असतं, भारत त्या यादीत नाही. फ्रीमॉंट सॅन फ्रान्सिस्कोच्या वकिलातीकडे येतं.

दारू पिऊन चालवण्याचं वेगळं सांगते, कारण 'दोनच बियर' हे वाक्य आपल्या पार्ट्यांत फार ऐकू येतं. त्यासाठी नुसती अटक झाली, दोष सिद्ध व्हायचा असला, तरी परराष्ट्र खातं पासपोर्टमधला व्हिसा रद्द करू शकतं. त्याने इथला मुक्काम लगेच संपतोच असं नाही. पण भारतात गेलात की नवा व्हिसा लागतो, वैद्यकीय तपासणी मागे लागते, आणि नोकरी इथे नि माणूस पुण्यात अशी अवस्था महिनोन्महिने राहते. टॅक्सीला ४० डॉलर जाऊ द्या.

जानेवारी २०२५ च्या लेकन रायली कायद्याबद्दलही ग्रुपवर भीती पसरवली जाते. कुणाचा मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेल्या गुन्ह्यात नुसता आरोप झाला तरी कोठडी सक्तीची, असं त्यात आहे. पण तो मुख्यतः तपासणीशिवाय शिरलेल्यांना किंवा खोट्या कागदांवर आलेल्यांना लागू होतो. दर्जा चालू असलेल्या एच-१बी वाल्याला उद्देशून तो नाही. तुमच्या घराला खरा धोका लायसन्सच्या तारखेचा आहे, तिथे लक्ष ठेवा.

आणि अशा कुणी तुम्हाला ठोकलं तर? त्याचे कागद काय आहेत याने तुमचा दावा बळकट होत नाही. कॅलिफोर्नियात दुखापतीच्या किंवा मृत्यूच्या दिवाणी दाव्यात इमिग्रेशन दर्जा पुरावा म्हणून येऊच शकत नाही, त्याबद्दल प्रश्नही विचारता येत नाहीत. तेव्हा रस्त्यावर त्याचा 'व्हिसा दाखव' म्हणत व्हिडिओ काढण्यात वेळ घालवू नका. ट्रक असेल तर दारावरचा यूएसडॉट क्रमांक, म्हणजे कंपनीचा केंद्रीय नोंदणी क्रमांक, आणि कंपनीचं नाव टिपा. पुढचं धूड आणि मागचा ट्रेलर वेगवेगळ्या मालकांचे असू शकतात, म्हणून दोन्हींच्या नंबरप्लेटचा फोटो वेगळा घ्या. त्या क्रमांकावरून केंद्रीय मोटारवाहक खात्याच्या 'सेफर' संकेतस्थळावर कंपनीच्या तपासण्या आणि अपघातांची नोंद दिसते. मग वकिलाकडून पहिल्याच आठवड्यात 'नोंदी जपून ठेवा' अशी नोटीस पाठवा. ड्रायव्हर किती तास चालवत होता याची इलेक्ट्रॉनिक नोंद कंपनीने ६ महिने ठेवायची असते. (नियम ११ तासांचा, तोही १४ तासांच्या आत.) नंतर ती पुसली गेली तर बोलायला जागा नाही. साध्या मालाच्या आंतरराज्यीय ट्रकला ७,५०,००० डॉलरचा विमा सक्तीचा आहे. दुखापतीचा दावा २ वर्षांत लावायचा. रस्त्याच्या पाटीत किंवा बांधणीत दोष दिसला आणि सरकारी खात्यावर बोट ठेवायचं असेल, तर मुदत ६ महिन्यांचीच.

साध्या गाडीवाल्याचं गणित आणखी वाईट आहे. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात किमान विमा माणशी ३०,००० आणि अपघातामागे ६०,००० डॉलर झाला. अतिदक्षता विभागातल्या एका आठवड्याला ही रक्कम पुरेल असं वाटत असेल, तर रुग्णालयाचं एखादं बिल बघा. तुमच्या पॉलिसीत 'अनइन्शुअर्ड आणि अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट' हा भाग आहे का, आणि किती रकमेचा आहे, ते आजच उघडून वाचा. समोरच्याकडे विमा नसला किंवा तोकडा असला तर पैसे इथून येतात. बरेच जण हप्ता कमी करायला नेमका हाच भाग काढून टाकतात. तो तुमच्या स्वतःच्या जबाबदारीच्या (लायबिलिटी) विम्याच्या रकमेइतका तरी ठेवा.

राहिले सासरे. कॅलिफोर्नियात पाहुण्याला स्वतःच्या देशाच्या चालू लायसन्सवर गाडी चालवता येते. सांगलीच्या आरटीओतून निघण्याआधी आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणू द्या. फॉर्म ४ए, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. तो नुसता अनुवाद आहे, मूळ लायसन्स खिशात नसेल तर इथल्या पोलिसाच्या दृष्टीने त्याला अर्थ नाही. ते सहा महिने तुमच्याच घरात राहणार, म्हणून विमा कंपनीला आधी फोन करून त्यांचं नाव पॉलिसीवर घाला. 'पाहुणे आहेत, कधीतरी चालवतात' हे अपघातानंतर सांगितलं की कंपनी हात वर करायला मोकळी होते. पहिले चार-पाच दिवस रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, मग वस्तीतले रस्ते. डावीकडे वळताना ते सवयीने चुकीच्या बाजूला जाणार, ती एक गोष्ट घोटून घ्या. आठशेऐंशी नंबरच्या महामार्गावर मात्र त्यांना शेजारच्या सीटवरच बसवा, तिथे ट्रकांची रांग असते. ताशी पासष्ट मैलांच्या वेगातल्या भरलेल्या ट्रकला थांबायला फुटबॉलच्या मैदानाहूनही जास्त लांबी लागते, आणि आपल्याकडच्यासारखं दोन ट्रकांच्या मधल्या फटीत गाडी घालायचा मोह त्यांना नक्की होणार.